गोलच्या मागचा फणस

त्या वर्षांत आमच्या विश्रांतवाडीच्या कॉलनीत ज्याचा त्याचा मुलगा अमेरिकेला जात होता आणि मागोमाग त्याची आई. परतल्यावर बुद्धविहारातल्या महिला मंडळात प्रवासवर्णन वाचायचा रिवाजच पडला होता. माझा संदीप खराडीच्या कंपनीपर्यंतच पोचला. तेव्हा परदेश बसच्या टप्प्यात शोधणं मला भाग होतं.

तो सापडला. संदीपच्या कंपनीचा संघ तिकडच्याच एका कॅथलिक विद्यापीठात फुटबॉल खेळायला जाणार होता. मीही निघाले. साडीखाली कॅनव्हासचे बूट, पिशवीत धपाटी, ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर आणि कचेरीचं ओळखपत्र. मी तेव्हा हेडक्लार्क होते, त्यामुळे मला सगळंच माहीत असे. बस बदलताना कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, “किती दिवसांचा मुक्काम, बाई?”

“संध्याकाळी परत,” मी गंभीरपणे सांगितलं.

फाटकावर कुणी न मागता ओळखपत्र दाखवलं. वॉचमन म्हणाला, “जा आत मावशी, मॅच सुरू झाली.”

आत गर्द झाडी, मधोमध मैदान. ब्रदर अल्बर्टने मला खुर्ची दिली. (पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना तिथे ब्रदर म्हणतात.) हा झारखंडचा, मराठी मात्र आमच्या साहेबांपेक्षा बरं.

“इथले खेळाडू फार गाजलेले म्हणे,” मी म्हटलं. “त्यांचे फोटो, कप वगैरे कुठे आहेत?”

“हे काय.” त्याने मैदानाच्या कडेची झाडं दाखवली. तिथे खेळाडूचा फोटो लावत नाहीत. खेळणं सोडेल त्याने झाड लावायचं. “ती चिंच म्हणजे आमचे लेफ्ट विंगर. कुणाच्या हाती लागत नसत. आणि ते जांभूळ, फुलबॅक. अजून वाटेत उभे आहेत.”

तेवढ्यात बाहेर चाललेला चेंडू जांभळावर आपटून आत आला. सगळे ओरडले, “थँक्यू, फादर!”

माझ्या खुर्चीशेजारी डब्यात फणसाचं रोप होतं. “हे कुणाचं?”

अल्बर्टने आवाज खाली आणला. “गोलमध्ये उभे आहेत ना, फादर व्हिन्सेंट. केरळचे. पेनल्टीवर गोल खाल्ला की त्याच दिवशी थांबणार, असं त्यांनी जाहीर केलंय.”

“आणि अजून खाल्ला नाही?”

“आम्ही बाहेर मारतो. पाहुण्या संघांनाही आधी सांगून ठेवतो, आज राहून गेलं. साठी उलटली त्यांची, मावशी. मैदान सुटलं तर ते काय करतील?”

आणि नेमकी खराडीला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला संदीपने. अल्बर्टने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, “संदीप, बाहेर मार!”

बूट घसरला, खुर्चीसकट खाली आले. पण आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. फादरनीही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकेका ब्रदरकडे. सगळी पोरं मान खाली घालून गवत बघत होती.

“बाळ,” फादर संदीपला म्हणाले, “आज आईचं ऐकू नकोस. नीट मार.”

आईचं न ऐकण्याचा संदीपला चांगला सराव होता. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला. फादर झेपावले, पोचले नाहीत. फादर उठून कोपरं झाडत म्हणाले, “इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या प्रार्थनेमुळे बाहेर जातात.”

पहिले तेच हसले.

रोप त्यांनी गोलच्या बरोबर मागे लावलं. पाणी माझ्या बाटलीतलं. जेवायला कप्पा (उकडलेला कंद) आणि मिरच्यांनी लाल झालेलं माशाचं कालवण होतं. मी धपाटी काढली. फादर माझ्याशी गुडघेदुखीवर बोलत होते, पण पोरं पुन्हा खेळायला उतरली तेव्हा हातातला घास तसाच राहिला. मी त्यांना आणखी एक धपाटं वाढलं. दुसरं काय करणार?

परतल्यावर मंडळात हे सगळं वाचलं. दोनदा न्यू जर्सीला जाऊन आलेल्या सरोदेबाईंनी एवढंच विचारलं, “व्हिसा लागला का हो?”

फादर आता नाहीत. संदीपची मुलगी त्याच मैदानावर सरावाला जाते. परवा मी तिच्याबरोबर गेले होते, साध्या चपला घालून. तिने पेनल्टी मारली. गोलवरून गेलेला चेंडू फणसाच्या बुंध्यावर दाणकन आपटला आणि तिच्या पायाशी परत आला. नवे ब्रदर, ज्यांनी फादरना कधी पाहिलं नाही, एका सुरात ओरडले, “फादर व्हिन्सेंट!”

मी टाळ्या वाजवल्या.

“आजी,” नात चिडली, “तू नक्की कुणाकडून आहेस?”

मी आणखी जोरात वाजवल्या.