कंगवा हातात असला की

गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं आणि गळ्याभोवती कापड आवळलं, की ते पळून पळून जाणार कुठे? या एका तत्त्वावर सलूनवाल्या काकांनी साठी उलटल्यावर परदेशी भाषा शिकायला घेतली.

कारण होतं सहा वर्षांची नात. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, आणि पोरीला येई फक्त आईची भाषा. फोनवर काका ‘हॅलो’ म्हणत, नात ‘हॅलो’ म्हणे, आणि मग दोघं एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसत. शेवटी ती हात हलवून निघून जाई. आता ती महिनाभर राहायला येणार होती. महिनाभर नुसतं कपाळ बघायचं, हे काकांना मंजूर नव्हतं.

आधी त्यांनी पुस्तक आणलं. पहिल्या धड्यातलं पेन टेबलावरून खुर्चीवर जाईपर्यंत काकांचा डोळा लागे. काकू म्हणाल्या, “तुमचं वाचून झालं की इकडे द्या. मलाही हल्ली झोप येत नाही.”

मग काकांना स्वतःची युक्ती सुचली. हात जे करतील, तेच तोंडाने म्हणायचं. मोबाइलवर वाक्य ऐकायचं आणि कात्रीच्या तालावर घोळवायचं. मान खाली घ्या. हलू नका. डोळे मिटा. मिशी ठेवायची का?

पहिले बळी शेजारच्या दुकानातले घड्याळजी.

“अहो, आत्ता काय म्हणालात?”

“कानाजवळ आलोय, म्हणालो.”

“कापतोय असं नाही ना म्हणालात?”

“छे! कापण्याचा धडा अजून यायचाय.”

घड्याळजींनी दाढी होईपर्यंत श्वासही बेताने घेतला. पण पुढे पुढे काकांनी ‘मान खाली’ म्हणताच त्यांची मान आपोआप खाली जाऊ लागली. पैसे दाढीचे, शिकवणी फुकट!

नात आईबरोबर आली. काकांनी तिच्यासाठी स्वागताचं वाक्य घोटून ठेवलं होतं. दारात त्यांनी तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतंच. पोर आईच्या मागे लपली. पुढचे दिवसही तसेच गेले. दुकानात घडाघडा बोलणारा माणूस घरी आला की मुका.

“जीभ दुकानातच ठेवून येता का हो?” काकूंनी विचारलं. काका हसले नाहीत. आपण म्हातारपणी कसला खुळा खटाटोप मांडला, असं त्यांना वाटत होतं.

एका सकाळी पोरीच्या केसांत भलामोठा गुंता झाला. आई हात लावायला गेली की ती किंचाळे. काकांनी सवयीने खिशातून कंगवा काढला, तिच्या मागे बसले आणि केसांच्या टोकाकडून हलके हलके गुंता सोडवू लागले. हात चालू झाला, तशी जीभही चालू झाली.

“मान खाली घ्या. हलू नका. डोळे मिटा.”

पोर गप्प बसून ऐकत राहिली. गुंता सुटला, आणि काकांनी रोजच्या सवयीने अदबीने विचारलं, “मिशी ठेवायची का?”

पोरीने वळून त्यांच्याकडे बघितलं. मग पोर खो खो हसत सुटली.

“ठेवा! जाड ठेवा! बाबापेक्षा मोठी!”

काकांना शब्द न् शब्द कळला. गिऱ्हाइकांची उत्तरंही त्यांनी कंगव्यानिशीच घोकली होती ना. भाषा डोक्यात साठते अशी त्यांची समजूत होती. त्यांची बोटांत साठली होती. कंगवा खिशात गेला तशी जीभ पुन्हा अडली. मग नातीनेच त्यांच्या खिशात हात घातला, कंगवा काढून त्यांच्या हातात दिला आणि हुकूम सोडला, “बोला!”

नात परत गेली त्याला आता बरेच दिवस झाले. फोन वाजला की काकू आधी कंगवा शोधतात. समोर डोकं नसतं, म्हणून काका तो स्वतःच्याच टकलावरून फिरवत बसतात. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला:

“आजोबा, माझी मिशी आता केवढी ठेवायची?”