मामांचे चार सेकंद

नागपूरहून निघताना फियाटच्या डिकीत कपड्यांपेक्षा माझाच पसारा जास्त होता. लाकडी घडीचा कॅमेरा, तिपाई, डोक्यावर घ्यायचं काळं कापड आणि फिल्मचा नवाकोरा डबा. या कॅमेऱ्याला रीळ नसतं. पोस्टकार्डाएवढी सुटी फिल्म, एका फोटोला एक. "मामाकडे निघालीस की लढाईला?" असं माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं विचारलं आणि गुडघा लावून डिकी बंद केली. मागच्या सीटवर आमची नीलू तिपाई मांडीवर घेऊन बसली.

भिलाईचे माझे मामा पोलाद कारखान्यातून बारा दिवसांपूर्वी रिटायर झाले होते आणि आता क्वार्टर सोडायचं होतं. मामींनी पत्रात एकच गोष्ट मागितली होती: घर सुटायच्या आधी दारात दोघांचा एक फोटो. बत्तीस वर्षं शिफ्ट केलेला हा माणूस घरच्या एकाही फोटोत सापडत नव्हता. पोरीच्या लग्नातसुद्धा फोटोवाला आला तेव्हा मामा ड्युटीवर गेले होते.

देवरीला आलुबोंडे खाऊन पुढे निघालो आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या नाक्यावर अडलो. तिथल्या शिपायाला माझ्या डब्याचा संशय आला. "खोलिए मत, रोशनी लगेगी," असं मी म्हणेपर्यंत त्यानं झाकण काढलं, आतली काळी पिशवी फाडली आणि कोऱ्या फिल्मा उन्हात पत्त्यांसारख्या पिसल्या. "इसमें तो कुछ है ही नहीं," तो हिरमुसून म्हणाला. खरंच होतं, आता काहीच उरलं नव्हतं. माझा असा संताप झाला की राजनांदगाव येईपर्यंत मी त्या शिपायाच्या नावानं खडे फोडत होते. कॅमेऱ्यात सरकवायच्या, घरून भरून आणलेल्या एका चपट्या खोक्यात दोन बाजूंना दोन फिल्मा होत्या, तेवढ्याच वाचल्या.

दुर्गच्या अलीकडे शिवनाथ नदी लागली. पाणी उतरलेलं, काळ्या खडकांवर बायकांनी लुगडी वाळत घातलेली. मला राहवेना. अविनाश म्हणाला, दोन्ही राखून ठेव. मामांना एक पुरे, असं म्हणत मी तिपाई उतरवली.

भिलाईत शिरलं की नवखा माणूस चकतोच. रस्ते रुंद, झाडं ओळीत आणि क्वार्टर सगळी जुळ्या भावांसारखी. सेक्टर दहामध्ये तीनदा वळसा घातल्यावर फाटकात मामा दिसले. "जयभीम" म्हणत त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. आम्ही वीस मिनिटं लेट होतो. आतलं अर्धं घर पोत्यांत गेलं होतं, तरी मामींनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) केला होता. छत्तीसगढी शेजारणीकडून शिकलेला. तिखट चटणीबरोबर आम्ही पातेलं रिकामं केलं.

जेवणानंतर मी ओसरीसमोर कॅमेरा मांडला. मामी काळ्या कापडात शिरल्या आणि हसत बाहेर आल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मामा डोक्यावर उभे होते. मामांनी मात्र उलटं का दिसतं ते नीट विचारून घेतलं आणि मी फोटोग्राफी शिकवते त्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजूनही घेतलं. ओसरीत सावली होती, म्हणून चार सेकंद हलायचं नाही, असं मी बजावलं.

"चार सेकंद?" मामा म्हणाले. "मिलमधी लाल सळईसमोर मी चार घंटे हालत नोतो, पोरी."

दोघं दारात उभे राहिले. वर क्वार्टरचा नंबर, बाजूला मामींची तुळस. मी झडप उघडली. एक, दोन, आणि कारखान्याचा दोनच्या शिफ्टचा भोंगा झाला. मामांची मान कारखान्याकडे वळली. मामींचा हात मागे, मामांचा जेवणाचा डबा ठेवायच्या फळीकडे गेला. फळी तर सकाळीच काढली होती.

झडप मिटली. मामा माझ्याकडे वळले.

"हाललो ना मी? कावून हाललो? आता कोन बोलावून राहिलं मले?" मग स्वतःला सावरून म्हणाले, "जाऊ दे. दुसरी लाव."

"दुसरी नदीवर गेली, मामा."

मग त्यांनी विचारलं, "नदी चांगली आली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागपूरला परतल्यावर दोन्ही फिल्मा धुतल्या. शिवनाथच्या खडकांवरची रेघन् रेघ आली होती. लुगड्यांचे काठसुद्धा मोजता येत होते. मामांचा सदरा स्वच्छ होता, बटणं स्वच्छ होती, वर चेहऱ्याच्या जागी धूर. मामींचा उजवा हात कोपरापासून पुसलेला. प्रवासात नवं पाहायची हाव असते, आणि मी ज्यांच्यासाठी निघाले होते त्यांच्याच वाट्याची फिल्म वाटेवर उधळून आले होते. तोच फोटो, माफी मागून, मी पवनीजवळच्या त्यांच्या गावी धाडला.

पंधरा दिवसांनी मामींचं पत्र आलं.

"फोटो भितीवर लावला. माफी कायची मांगतं? बत्तीस वर्सं हे माह्याजवळ असेच उभे राहिले, आंग इथं, ध्यान तिथं. गावातले इचारतात, यायचं तोंड कावून दिसत नाई? मी सांगतो, भोंगा झाला होता."