कोपऱ्यातले विश्वनाथराव

विश्वनाथराव सोनकांबळे यांच्यासमोर कोणीही मनुष्य येऊन उभा राहिला, की ते दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जुळवून एक चौकोन करीत, एक डोळा मिटून त्यातून त्या मनुष्यास न्याहाळीत आणि मगच "या, बसा" म्हणत. नवख्यास हा अपमान वाटे. वस्तुतः हा गृहस्थ पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात शोभेल, एवढेच ते ठरवीत असत. माझ्याविषयीचा निर्णय पहिल्याच भेटीत झाला. "मुन्शीजी, तुमी वरच्या कोपऱ्यात. खाली नावाची पट्टी येती, तुमचं पोट झाकून जाईल."

उदगीरच्या कचेरीसमोर माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले असले, तरी माझे वाक्य एकदाच वाचून पुढे गेला असा अधिकारी या तालुक्यात अद्याप आलेला नाही. प्रत्येकास ते पहिल्यापासून पुन्हा वाचावे लागते. टेबलामागच्या गाळ्यात विश्वनाथरावांचे लग्नाचे व्हिडिओ तयार करण्याचे दुकान होते. चित्रीकरणास ते आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई असे दोघे जात, आणि नंतर आठ-आठ दिवस संगणकापुढे बसून त्याची जुळवाजुळव करीत.

चालू चित्राच्या कोपऱ्यात दुसरे लहान चित्र बसविणे, ही त्यांची खासियत होती. त्याची रीत त्यांनी मला चहा पिता पिता समजावून दिली. "संगणकावर दोन पट्ट्या असत्यात. खालच्या पट्टीवर लगीन ठिवायचं. वरच्या पट्टीवर दुसरा तुकडा. वरचा तुकडा चिमटीत धरून बारीक केला, की खालचं लगीन दिसाया लागतं. मग त्याला सरकवत कोपऱ्यात न्यायचं, आन् भवती चौकट मारायची. चौकट न्हाई मारली, तर मानूस लग्नात सांडल्यावानी दिसतो."

मी त्यांना सांगितले, की आमच्याही व्यवसायात हेच तत्त्व आहे. अर्जाच्या डाव्या बाजूस पाव कागद कोरा सोडावा लागतो. त्यास समास म्हणतात. मी तीन पाने लिहितो, साहेब समासात तीन शब्दांचा शेरा मारतात, आणि तीन पानांचा निकाल लागतो.

"म्हंजे तुमच्यात बी कोपराच मोठा," ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांना समव्यावसायिक मानू लागलो.

कोपऱ्याची मागणी मोठी होती. रेणापूरकडील एका सरपंचांस पुतणीच्या लग्नास येता आले नाही. तथापि संपूर्ण व्हिडिओत आपण दिसलेच पाहिजे, असा त्यांचा निरोप आला. सोबत नमस्काराचे दहा सेकंदांचे चित्रण होते. विश्वनाथरावांनी तेच पुन्हा पुन्हा जोडले. हळद लागली, पंगती उठल्या, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. सरपंच कोपऱ्यात हसतमुखाने हात जोडून होते. "तीन घंटे नमस्कार करून राहिला बिचारा," विश्वनाथराव म्हणाले. "इलेक्शनला बी येवढा केला नसंल."

एक नियम मात्र ते कटाक्षाने पाळीत. जिवंत माणसास साधी रेघेची चौकट. आणि घरातले जे कोणी वारले असतील, त्यांना फुलांची लंबगोल चौकट. आमच्या भागात आता हे पोराटोरांनाही कळते. फुले दिसली की बायका पदर सावरतात.

माझी कन्या शुभांगी हिचा विवाह हदगावच्या घराण्यात ठरला. नायब तहसीलदारांस मी स्वतः पत्रिका दिली होती आणि ते "बघू" म्हणाले होते. कचेरीच्या भाषेत "बघू" म्हणजे नाही, हे मी रोज दहा पक्षकारांस समजावून सांगतो. तरीही मुहूर्ताच्या वेळी मी शाल-श्रीफळाचे ताट घेऊन मंगल कार्यालयाच्या फाटकात उभा होतो. मंचावर सुशीलाबाईंचा कॅमेरा होता आणि फाटकात दुसरा, तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून चालू ठेवलेला. विश्वनाथराव आतून धावत आले.

"मुन्शीजी, चला! आंतरपाट धरलाय!"

"दोन मिनिटे. साहेबांची गाडी वळणावर असेल."

"आवो, साहेब गेला खड्ड्यात. पोरगी तिकडं..."

मी हाताने त्यांना मागे सारले. आत बँड वाजला, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. साहेब आले नाहीत.

पंधरा दिवसांनी विश्वनाथरावांनी मला गाळ्यात बोलाविले आणि मंचावरचे चित्रण लावले. मंगलाष्टके चालू होती. शुभांगीने मान वर करून गर्दीच्या डोक्यांवरून डावीकडे, दाराच्या दिशेने पाहिले. खाली पाहिले. पुन्हा पाहिले. असे तीनदा.

"हुडकून राहिली तुमाला," ते म्हणाले.

"हा भाग वगळता येईल काय?"

"येईल की. मग अक्षता बी जातात."

मुलीच्या लग्नाचा हा एकच पुरावा, तो तिच्या सासरी जन्मभर राहणार, आणि त्यात ती तीनदा बापास शोधते व बाप नाही, असे नमूद झाले होते.

विश्वनाथरावांनी हाताचा चौकोन करून माझ्याकडे पाहिले. "फाटकावर हाव की तुमी. ती जिथं बघती, तिथंच बसवतो. डावा कोपरा, वरी." त्यांनी फाटकातला तुकडा घेतला, लहान केला, सरकवीत नेला. पण त्यात मी रस्त्याकडे पाहत होतो; मुलगी माझ्याकडे पाहते आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा, असे दिसू लागले. त्यांनी एक कळ दाबली आणि मी आरशातल्याप्रमाणे उलटा झालो. "घ्या. आता रस्त्याकडं न्हाई, पोरीकडं बघून राहिलाव."

खरेच तसे दिसत होते. मुलीने पाहिले, आणि मी होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु साध्या रेघेची चौकट माझ्या योग्यतेस कमी पडते, असे मला वाटले. मी रीतसर लेखी कळविले, की वधुपित्यास शोभेल अशी फुलांची चौकट असावी.

"मुन्शीजी, फुलं गेलेल्यायची असतात."

"मी हयात आहे, हे तालुक्यास ठाऊक आहे."

"हदगाव आपल्या तालुक्यात न्हाई," ते म्हणाले. पण अर्ज लेखी असल्याने त्यांनी फुले लावली.

महिन्याने शुभांगीचा फोन आला. "बाबा, इकडं आत्तेसासूबाई, त्या लग्नाला नव्हत्या, व्हिडिओ बघून डोळ्याला पदर लावून बसल्यात. म्हणतात, बाप नसताना आईनं लग्न किती नेटकं केलं."

"तू काय सांगितलेस?"

"आहेत म्हणून सांगितलं. पण बाबा, तुमचं घड्याळ उजव्या हातात कसं?"

आवाज नीट येत नाही असे सांगून मी फोन ठेवला. विश्वनाथरावांनी फुले काढून साधी रेघ मारून दिली आणि त्याविषयी पुन्हा कधी अवाक्षर काढले नाही.

गेल्या उन्हाळ्यात हृदयविकाराने ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास तसबीर हवी होती, आणि सुशीलाबाई माझ्या टेबलाशी आल्या. अर्ध्या तालुक्यास ज्यांनी चित्रात बसविले, त्यांचा स्वतःचा धड फोटो घरात नव्हता. "आधार कार्डावरला हाय. पर त्यो आमचा मानूसच वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो एक सापडला. तुमच्या पोरीच्या लग्नातला."

तो फाटकातला मूळ तुकडा होता. न कापलेला, न उलटलेला. मधोमध मी, रस्त्याकडे तोंड करून. आणि उजव्या कोपऱ्यात विश्वनाथराव, धापा टाकीत, किंचित वाकून, हात पुढे केलेला, "चला" म्हणताना. आपला कोपरा त्यांनी माझ्या चौकटीतून स्वतःच छाटला होता. सुशीलाबाईंनी तो वाढवून मोठा केला होता. चेहरा स्पष्ट आला होता. फक्त कडेने त्यांना मागे सारणारा माझा पंजा मनगटासकट आत आला होता.

"हात कापून टाकू का, मुन्शीजी?"

"राहू द्या."

"चौकट? फुलांचीच लावावी लागंल आता."

मी होय म्हणालो. नियम त्यांचाच होता.

कार्यक्रमास शुभांगी हदगावहून आली होती. वंदना झाली, लोक तसबिरीस फुले वाहून बाजूस झाले. ती मात्र तसबिरीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हा हात तुमचा ना, बाबा?"

"माझाच."

ती आणखी जवळ गेली. "ह्यात तर घड्याळ डाव्याच हातात आहे."

कोणत्याही प्रश्नास मी सहसा लेखी उत्तर देतो. तेथे तोंडी दिले.

"हो," मी म्हणालो. "मी रस्त्याकडे बघत होतो."