मधली पट्टी आणि मुकादम

कुरणात एक चक्कर मारून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात. ती गोळा करायला कोणी जात नाही, पण घरी आल्यावर एकेक काढत बसावं लागतं. फॉरेस्ट खात्यातले किस्से तसेच! नोकरी संपून कैक वर्षं झाली, तरी आम्ही जुनी मंडळी बारामतीच्या एसटी स्टँडसमोर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, “गणूभाऊ, ते सरकारांच्या शिकारीचं सांगा की!” मी म्हणतो, सांगतो, पण पहिल्यापासून. मधूनच सांगितलं तर त्यातली गंमत जाते.

तर पहिल्यापासून. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी बारामतीच्या बाजूच्या सरकारी कुरणाचा गार्ड. कुरण म्हणजे राखलेला गवताचा माळ. त्यात चिंकारा हरणं, लांडगे, खोकड, नशीब असलं तर एखादा माळढोक. तोच माळ पुढं इंदापूरच्या बाजूला जायचा आणि तिथला गार्ड होता डाळजचा ज्ञानबा. उंचापुरा गडी, आणि मिशा अशा की समोरच्यानं आधी मिशांना नमस्कार करावा!

गवत एक, हरणं एक, वारासुद्धा एक. खात्याच्या रेंज, म्हणजे कारभाराचे विभाग, मात्र दोन, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांचं तोंड बघत नसत. मग आम्ही गार्ड लोकांनी तरी का बघावं?

* * *

हद्दीवर दगडही दोन होते. बारामतीवाल्यांनी कधीकाळी आपला दगड पार पलीकडं नेऊन रोवला होता आणि इंदापूरवाल्यांनी त्यांचा पार अलीकडं. त्यामुळं दोन दगडांच्या मधली पट्टी दोघांचीही! माझी माणसं तिथं गवत कापायला गेली की ज्ञानबा शिट्टी फुंकत यायचा. त्याची माणसं आली की मी.

आमची पहिली भेट त्या पट्टीतच झाली.

“हद्दीतनं भायेर व्हा!”

“तुमीच व्हा! त्यो बगा आमचा दगड.”

“आन् ह्यो आमचा!”

बोलण्यासारखं संपलं तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर उभं राहून नुसत्याच शिट्ट्या फुंकायला लागलो. दोघंही लालेलाल. शेजारी हरणं चरत होती. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

जाताना ज्ञानबा गरजला, “मी मेलो तर ह्याच पट्टीत जाळा मला, पन ही सोडायची न्हाय!”

मी म्हणालो, “जाळायला आमच्या रेंजरसायबांची परवानगी लागंल!”

* * *

एका उन्हाळ्यात भर दुपारी इंदापूरच्या बाजूला वणवा लागला. आम्ही पाच-सहाजण कडुलिंबाचे डहाळे घेऊन धावलो. मागून काटेवाडीचा तात्या गाडीत पाण्याची पिंपं घालून आला. तात्या म्हणजे आमचा नेहमीचा गाडीवान. तोंडात कायम तंबाखूची गोळी, त्यामुळं बोलायचा कमी. पण बोलायचा तेव्हा आधी थुंकायचा, आणि तात्या थुंकला की लोक कान टवकारायचे.

हद्दीच्या दगडापाशी आलो आणि मी थांबलो. कारण असं की नुकताच वरून हुकूम आला होता, परवानगीशिवाय दुसऱ्या रेंजमध्ये पाऊल टाकायचं नाही! समोर ज्ञानबा एकटा डहाळी आपटतोय, धुरात मध्येच दिसतोय, मध्येच नाहीसा होतोय. आणि मी दगडाला खेटून उभा. नोकरीची भीती वाईट हो.

तात्या थुंकला. “गणूभाऊ, आग परवानगी घिऊन आलीया व्हय?”

मग कसली हद्द आणि कसलं काय! दिवस मावळेपर्यंत आम्ही आग झोडपत होतो. विझली तेव्हा ज्ञानबाची एका बाजूची मिशी करपून गेली होती. एकाच तांब्यातून पाणी प्यायलो. मग तो माझा हात धरून बसला.

* * *

त्या वणव्यानं एक काम चांगलं केलं. दोन्ही रेंजर साहेब एका टेबलाशी चहाला बसले! ठरलं असं की आगीपासून राखण दोघांनी मिळून करायची, गस्त एकत्र घालायची. शिवाय आमच्या साहेबांच्या डोक्यात एक नवीनच खूळ आलं. ते म्हणाले, “लोक इथं हरणं मारायला येतात, तसे नुसती बघायलाही येतील. पुण्या-मुंबईचे लोक आणू. पण मोटार आत घालायची नाही. बैलगाडी!”

खूळ शहाणपणाचं होतं. चिंकारा मोटार दिसली की उधळतो आणि बैलगाडीकडं ढुंकूनही बघत नाही. गाडी तात्याची ठरली. बारामतीच्या बाजूनं निघायचं, हद्द ओलांडून इंदापूरच्या बाजूला जायचं, तिथं ज्ञानबाच्या घरची भाकरी खायची आणि परत.

पहिल्याच फेरीला दोन्ही साहेब गाडीत बसले. हद्दीच्या दगडापाशी गाडी आली आणि बैल थांबले. चुचकारलं, शेपट्या पिरगाळल्या, काही उपयोग नाही. उलट बैल आपणहून मागं वळायला लागले! आमचे साहेब चिडले, “काय झालंय काय त्यांना?”

तात्या थुंकला. “सायेब, इतकी वर्सं ज्ञानबा त्यास्नी हितनंच माघारी हाकलत हुता. तुमचं मिटलं, ते बैलास्नी कुनी सांगितलंय?”

शेवटी ज्ञानबा पुढं झाला. गुळाचा खडा हातावर ठेवून, युनिफॉर्ममध्ये, बैलांपुढं वाकून म्हणाला, “या दादा, या!” तेव्हा कुठं बैलांनी इंदापूर तालुक्यात पाऊल टाकलं. पुढं कित्येक महिने हीच तऱ्हा. दोन रेंजरांच्या सह्या एका बाजूला आणि ज्ञानबाचा गूळ एका बाजूला!

* * *

पाहुणे यायला लागले. दौंडहून छोट्या रेल्वेनं रखडत बारामतीला उतरायचे आणि उतरल्याबरोबर विचारायचे, “हरणं किती वाजता असतात?”

पहिल्या टोळीत पुण्याच्या एक प्रोफेसरबाई होत्या. गळ्यात दुर्बीण, हातात छत्री. साहेबांनी बजावलं होतं, पाहुण्यांशी अदबीनं वागा, अगदी नीट दाखवा. आता तात्याची पंचाईत समजून घ्या. जवळच्याच एका जुन्या जहागिरीचे धनी, ज्यांना सगळे सरकार म्हणत, त्यांच्या शिकारीत तात्या जन्मभर हाकारा करत आलेला. हरीण दिसलं की ओरडायचं आणि ते बंदुकीच्या दिशेनं पिटाळायचं, हेच त्याच्या अंगात भिनलेलं.

बाभळीपलीकडं कळप दिसला मात्र, तात्या गाडीत ताडकन उभा राहिला आणि, “हुर्रर्र! हाऽऽ हाऽऽ! हुर्रर्र!” त्याचं ऐकून मागून चाललेल्या आमच्या दोन माणसांनी पण डबा वाजवायला सुरुवात केली. तेही जुने हाकारा करणारेच!

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत समोर नुसता धुरळा. त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, “अहो, हरणं कुठं आहेत?”

तात्या खजील झाला, पण हार मानणारा नव्हे. म्हणाला, “हरनं गेली, बाई. पन धूळ त्यांचीच हाय, बगून घ्या!”

* * *

मुंबईचे एक शेटजी आले होते. त्यांना वाघच पाहिजे. “इतका लांब आलो, वाघ नाही म्हणजे काय?” हरीण दाखवलं, लांडग्याचं बीळ दाखवलं, पण तोंड वाकडं ते वाकडंच. कंटाळून मी म्हणालो, “वाघ इंदापूरकडं असतात.” तिकडं ज्ञानबानं सांगितलं, “वाघ? ते समदे बारामतीकडं!” त्या दिवशी शेटजींनी हद्द इतक्या वेळा ओलांडली की बैलांनी गुळाचा नाद सोडला आणि सरळ चालायला लागले.

संध्याकाळी शेटजींनी तात्याला धरलं. “खरं सांगा, वाघ कुठल्या बाजूला आहे?”

तात्या म्हणाला, “शेटजी, वाघ आसता तर हे दोगं गार्ड ह्या बाजूलाबी दिसलं नसतं आन् त्या बाजूलाबी!”

* * *

आता मुकादम. हा आमच्या कळपातला मोठा नर. एक शिंग अर्धं मोडलेलं. ऊसतोडीचा मुकादम टोळीच्या जरा पुढं उभं राहून सगळ्यांवर नजर ठेवतो, तसा हा उभा राहायचा, म्हणून ते नाव. वणव्यात त्यानंच कळप आमच्या बाजूला आणला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. कळपात दुसरा जाणता नर नव्हता. हा गेला असता तर कळप पांगला असता, आणि बघायला येणारे पाहुणे पण बंद झाले असते. पण खरं सांगू का, हे सगळं मी साहेबांना सांगायचो. आपलं मन त्याच्यावर बसलं होतं, बस्स.

आणि नेमकं सरकारांचंही त्याच्यावर मन बसलं. त्यांना ते मोडकं शिंग दिवाणखान्यात टांगायचं होतं!

सरकारांचे दिवसही फिरले होते. कूळकायदा आला होता. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य चावडीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी. तात्या सरकारांचंच कूळ, तो कसत होता ते शेत त्याच्या नावावर झालं. सरकार भांडले नाहीत, पण लागलं असणार. मला एकदा म्हणाले, “कसणारे मालक झाले, गार्ड. आम्हांला आता हरणंच राहिली.”

ते आले तेव्हा त्यांच्याकडं शिकारीचा रीतसर परवाना होता, बारामतीच्या हद्दीचा. मला अडवता येईना. गाडी अर्थातच तात्याची. मुकादम टप्प्यात आला, सरकारांनी बंदूक उचलली, आणि तात्या ताडकन उभा! “हुर्रर्र! हाऽऽ हाऽऽ!”

कळप मधली पट्टी ओलांडून इंदापुरात! सरकार मागं धावले तर पुढं ज्ञानबा, आडवा हात करून. “मुजरा सरकार! परवाना बारामतीचा हाय. हितनं फुडं इंदापूर.”

सरकार तात्यावर कडाडले. तात्या हात जोडून म्हणाला, “जन्माची सवं हाय, सरकार. तुमीच लावल्याली!”

पुढच्या आठवड्यात सरकार इंदापूरचा परवाना घेऊन त्या बाजूनं आले. तात्याची सवय काही गेली नव्हती. कळप बारामतीकडं पळाला आणि आडवा हात करून मी उभा. “मुजरा सरकार! परवाना इंदापूरचा आहे.”

जाताना सरकारांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

* * *

नंतर नंतर सरकार दर हिवाळ्यात आमच्याकडं यायचे ते दुर्बीण घेऊनच. पाहुणे आणायचे, ज्ञानबाच्या घरी मांडी घालून भाकरी खायचे. मुकादम म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला, तेव्हा बघायला आले होते. हे कसं झालं, तेच मंडळी मला पुनःपुन्हा विचारतात.

तर ऐका. तिसऱ्या खेपेला सरकार दोन्ही परवाने घेऊन आले! आणि तात्याला गाडीतून खाली उतरवून दम दिला, “तोंड उघडलंस तर बघ.” स्वतःच्या माणसाला गाडी हाकायला बसवलं. ज्ञानबा हद्दीवर होता, मी गाडीबरोबर चालत. काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. तात्या मागून गप येत होता.

सकाळची कोवळी उन्हं. कळप लांब सरकला, पण मुकादम हलला नाही. वय झालं होतं, रोज बैलगाडी बघून त्याची भीती पार गेली होती. भीती आम्हीच घालवली होती की, पाहुण्यांसाठी! तो उभा होता बरोबर मधल्या पट्टीत. सरकारांनी बंदूक खांद्याला लावली.

आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले, “सरकार, थांबा! ती आमची हद्द नाही.”

सरकार खांद्यावरची बंदूक न काढता म्हणाले, “मग इंदापूरची. तोही परवाना आहे.”

“न्हाय सरकार,” पलीकडून ज्ञानबा म्हणाला. ज्या पट्टीत त्याला जाळून घ्यायचं होतं, त्या पट्टीकडं त्यानं पाठ केली आणि माझ्या दगडाकडं बोट दाखवलं. “आमची हद्द त्या बारामतीच्या दगडापल्याड सुरू हुती.”

“आणि आमची या इंदापूरच्या दगडाशी संपते,” मी ज्ञानबाच्या दगडावर हात ठेवून म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्या दगडाला हात लावला नव्हता.

सरकारांनी बंदूक खाली घेतली. एकदा या दगडाकडं पाहिलं, एकदा त्या. चेहरा लाल झाला. याच पट्टीसाठी आम्ही दोघं शिट्ट्या फुंकत भांडायचो हे साऱ्या मुलखाला माहीत होतं, त्यांना माहीत नसेल होय?

“वा! बारामतीची नाही, इंदापूरची नाही,” ते ओरडले. “मग ही जमीन आहे तरी कोणाची?”

मी खाली बघायला लागलो. ज्ञानबा मिशी चावायला लागला.

मागं तात्या थुंकला.

“चरंल त्याची, सरकार!”