रडणं आणि वळणं
निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, म्हणून मला मराठी अप्पांनी आमच्या कापडाच्या दुकानातच शिकवलं. गिऱ्हाईक नसलं की पाटी हातात. घरात आम्ही कानडी-मराठी मिसळून बोलायचो. जळकोटजवळच्या आमच्या गावात मिशनची एक मडम दवाखाना काढून बसली होती. तिला मराठी शिकवायला बाईमाणूस हवं होतं, आणि मी रिकामीच होते. नवऱ्याच्या घरून पुन्हा एकदा माहेरी आले होते.

नवरा मनाचा वाईट नाही, असं सगळे म्हणत. सिंदी पोटात गेली की त्याचा हात उठायचा, एवढंच! मग चार दिवसांनी तो गाडी जुंपून यायचा, अप्पांच्या ओसरीवर ढसाढसा रडायचा, कान धरून ‘तौबा तौबा’ म्हणायचा. “पश्चात्ताप झालाय त्येला, जा बाई,” अप्पा म्हणायचे. मी जायचे. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. रडण्यात तो पटाईत होता. मला त्याचा राग यायचा, दया यायची, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग यायचा.

एका दुपारी मडम बायबलातल्या एका वाक्याचं मराठी विचारू लागली. तिच्या इंग्रजी पुस्तकात चक्क देवालाच पश्चात्ताप झाला होता. मला हसू फुटलं.

“द्येव कशाला पस्तावंल? त्यो काय सिंदी पिला व्हता?”

मडमही हसली आणि मग समजावू लागली. मूळ हिब्रूत शब्द दोन आहेत. एक ‘नाहम’, म्हणजे मन हळहळणं. आणि गंमत अशी की मनाचं सांत्वन होणं हेही त्याच शब्दात येतं. देवाचं जे झालं ते हे. दुसरा ‘शूव’, म्हणजे वळणं, माघारी फिरणं. माणसांना सांगितलेलं असतं ते बहुतेक हे. इंग्रजीनं दोन्ही एकाच पोत्यात कोंबले होते.

“मग ह्या दुसऱ्यात रडायचं कुठं हाय?” मी विचारलं.

“माणूस रडेल, नाही रडेल,” ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. “पण वळेल.”

मला तो नादच लागला. आमचा पश्चात्ताप म्हणजे मागाहून येणारा ताप. आणि ताप काय, उतरतोच. नवरा रडायचा तेव्हा सांत्वन त्याचंच व्हायचं, माझं नाही, हेही मला त्याच दुपारी उमगलं. तौबाचं विचारलं, तर मडम म्हणाली, तो अरबी शब्द शूवचाच भाऊबंद, त्याचाही अर्थ परतणं. म्हणजे अख्खा बाजार कान धरून ‘वळलो, वळलो’ म्हणत होता आणि सरळ सिंदीच्या दुकानाकडं चालला होता.

पुढं नवरा आला. ओसरीवर बसला, उपरणं डोळ्यांना लावलं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यादेखत मी नवऱ्याशी कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी दारात उभी राहिले.

“रडू नगा,” मी म्हणाले. “तुमी वळा.”

त्यानं उपरणं डोळ्यांवरून खाली घेतलं. “वळू?”

“व्हय. माघारी फिरा.”

मला म्हणायचं होतं, सिंदीपासून फिरा, हात उचलण्यापासून फिरा. तो उठला, फेटा सारखा केला, गाडी वळवली आणि आल्या वाटेनं निघाला.

“अगं, त्येला वाटलं तू घरी जा म्हणालीस!” अप्पा घाबरे झाले. “हाक मार, नीट समजावून सांग.”

गाडी अजून वेशीच्या आत होती. माझी हाक सहज पोचली असती, आणि समजावणं तर आता माझं कामच होतं.

“असू द्या, अप्पा,” मी म्हणाले. “त्येंला जेवढं कळलं, तेवढं मला पुरं हाय.”