वैशालीने खाल्लेलं सुकेळं

प्रिय रिया आणि नील,

परवा फोनवर नीलचा आवाज रडवेला झाला होता. तिकडच्या शाळेत डब्यातला खाऊ दुसऱ्याला द्यायचा नाही असा नियम आहे. नीलने शेजारी बसणाऱ्या मुलाला आपला अर्धा केक दिला, म्हणून बाई रागावल्या. "आजी, मी चुकलो का?" आयुष्यभर शाळेत शिकवूनही मला उत्तर सुचलं नाही. हाच प्रश्न आपल्या घरापुढच्या ओट्यावर एका मुलीने मला विचारला होता, आणि तोही नीलमुळेच. तेव्हा तुम्ही इथेच राहायचात, पण फार लहान होतात, म्हणून आता लिहिते.

वैशाली चिंचोटीजवळच्या भातशेती करणाऱ्या घरातली. माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मला टीचर म्हणायची. युनिव्हर्सिटीत ती बालविकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय शिकत होती. "पोरं वाढवायला युनिव्हर्सिटी कशाला?" असं तुमचे आजोबा विचारायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. तिला एका लहान मुलाचं त्याच्या घरी काही आठवडे निरीक्षण करायचं होतं. शेवटचं वर्ष होतं. "बाबा म्हणालेत, यंदा संपव, मग लग्न. हे राहिलं तर राहिलंच, टीचर." नील तीन वर्षांचा होता. मी हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिने ओट्याच्या कोपऱ्यात स्टूल ओढलं, वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मी इथे नाहीच असं समजा."

आपल्याकडे घरी आलेलं माणूस नाहीच असं कसं समजायचं? नील पडला तरी ती उठायची नाही. त्याने चपला उलट्या घातल्या तरी सांगायची नाही. शेजारची अगाथामावशी फाटकातून मला विचारायची, "टीचर, पोरगी आजारी हाय काय? हाक मारली तर नुसती बगते!" आजोबांना तर खेळच मिळाला. "माझ्या एकट्यापुरता चहा आण. जी नाहीच, तिला चहा कसा देणार?" मग वैशाली वही तोंडासमोर धरून हसायची.

मी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी हसले, हात दिला, तर तो माझ्याकडे बघून वागेल. मग तो अभ्यास त्याचा होणार नाही, माझाच होईल." मी शिस्तीची बाई. मला ते पटलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. राजेळी केळी उन्हात सुकवून घरी सुकेळी केली होती आणि नील दिवसभर ती मागायचा. एकदा त्याने एक सुकेळं मोडलं आणि अर्धं वैशालीपुढे धरलं. ती वहीत बघत राहिली. तिला दिसलं नसेल असं वाटून तो दुसऱ्या बाजूने गेला. शेवटी तो तुकडा तिच्या मांडीवर ठेवून निघून गेला. तसंच दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या. मला बघवत नव्हतं, पण काम तिचं होतं.

मग एक दिवस नील सुकेळं घेऊन बाहेर आला, त्याने स्टुलाकडे बघितलं आणि तो पाठ फिरवून खाऊ लागला. फाटकातून अगाथामावशी म्हणाली, "मला दे ना रे बाबा!" त्याने मूठ पाठीमागे लपवली. तोवर त्याने असं कधी केलं नव्हतं.

वैशालीचं पेन थांबलं. ती उठली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "नील, मला देतोस?"

त्याने पाठीमागची मूठ पुढे आणून उघडली. मुठीत चिकट टोकच उरलं होतं. ते त्याने दिलं आणि तिने खाल्लं.

मग नळावर हात धुताना ती रडायला लागली. "गेलं, टीचर. आता हे निरीक्षण धरणार नाहीत."

"लिहू नकोस. कोणाला कळणार आहे?" आजोबा म्हणाले.

"मला कळलं ना." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "टीचर, मी चुकले का? आधी चुकले की आता?"

मी चहा केला. त्या दिवशी तिने तो घेतला.

तिने घडलं तसं लिहिलं. तिच्या मॅडमनी दुसरं मूल घेऊन पुन्हा सुरुवात करायला सांगितलं, पण तेवढा वेळ उरला नव्हता. परीक्षा हुकली आणि लग्न ठरलं. नाशिकला जाण्याआधी ती भेटायला आली आणि त्याच स्टुलावर बसली. नीलने अर्धं चावलेलं बिस्किट आणून दिलं. तिने ते लगेच तोंडात टाकलं. "आता आहे मी इथे," म्हणाली आणि हसली. परीक्षा तिकडून देईन, असंही म्हणाली. दिली का, मला माहीत नाही. तिचा फोन आता लागत नाही.

नील, शाळेचा नियम पाळ. काही मुलांना एखादा पदार्थ बाधतो, त्यासाठी तो असतो. पण तू चुकलास का, हे मला अजून सांगता येत नाही. तू देतोस ते वैशालीमुळे, की तसंही दिलंच असतंस, हेही कळत नाही. ती इथे असती तर म्हणाली असती, "एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, टीचर."

स्टूल अजून ओट्याच्या कोपऱ्यात आहे. आणि तू अजून अर्धं देतोस.