पाया पडल्या, कुंकू राहिलं

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. राजारामपुरीतली आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग, आणि मी मोठ्या हुशारीने एक बेत आखला होता...

वरच्या मजल्यावर संजना भाड्याने राहते... म्हणजे राहायची. एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ट्रान्सजेंडर आहे. तिला फ्लॅट सोडायला लावायचं का, हे रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. म्हटलं, बायकांनी तिला एकदा जवळून बघितलं, चार गोष्टी बोलल्या, की सगळं निवळेल.

ती आली. हिरवी साडी, हातात स्वतः केलेल्या तिळाच्या वड्या. मी कुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाले, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि थेट तिच्या पायाशी वाकल्या. "आई, लेकराबाळांवर कृपा असू दे गं."

देवीला वाहिलेल्या, साडी नेसून दारात परडी घेऊन येणाऱ्या जोगत्यांच्या पाया पडायची आपल्याकडे सवयच आहे. काकूंचं बघून एकेक करत सगळ्याच वाकल्या. आणि मी मूर्ख, मला भरून आलं! वाटलं, जिंकलो...

संजना मात्र अवघडून उभी होती. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "वहिनी, मी देवाची न्हाय ओ, लॅबमध्ये रक्त तपासते. पाया पडणारी माणसं शेजारी राहू देत न्हाईत... बघा तुम्ही."

"काहीतरीच काय बोलतेस," म्हणून मी तिला गप्प केलं.

रविवारी तिला काढायच्या ठरावावर पहिली सही काकूंची. "देवाचं माणूस हाय की, पर बिल्डिंगमधी नको. काय चुकलंमाकलं तर कोप व्हायचा." मग बाकीच्यांनी निमूट सह्या केल्या. आमच्या घरची सही आमच्या ह्यांनी केली. मी शेजारीच बसले होते.

काल तिच्या सामानाचा टेम्पो आला. तिचं वाण माझ्याकडेच राहिलं होतं, स्टीलचा डबा, तो द्यायला खाली गेले. जिना उतरताना लक्षात आलं... त्या दिवशी तिला कुंकू कुणीच लावलं नव्हतं. मीसुद्धा नाही. कोयरी तर माझ्याच हातात होती.

डबा तिने घेतला. आपल्याकडे निघताना "येते" म्हणायची पद्धत. ती म्हणाली, "जाते, वहिनी."

"असं म्हणू नये गं," एवढं म्हणायलाही मला तोंड उरलं नव्हतं.